वाचक विचारतात : चार्ल्सटनला जाताना

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या शहरांबद्दल आलेल्या पत्रांत साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनविषयीची पत्रं सर्वांत जास्त निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आम्ही शार्लटला राहतो. मार्चअखेर आई-बाबा भारतातून येताहेत, दोघंही सत्तरीचे आहेत. चार्ल्सटनला दोन रात्री काढायच्या आहेत. काय, कोणत्या क्रमाने बघावं?

शार्लटहून गाडीने साधारण साडेतीन तास लागतात. वेळ चांगली निवडली आहे. मार्चच्या उत्तरार्धात अझेलिया फुलतात आणि उकाडा सुरू झालेला नसतो. त्यामुळेच हॉटेलंही याच दिवसांत सर्वांत महाग असतात. शक्य असेल तर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या भूभागावर, म्हणजे मूळ शहरातच राहा. विमानतळाजवळचं हॉटेल स्वस्त पडतं, पण रोजचं पार्किंग आणि दोन वेळच्या फेऱ्या धरल्या तर वाचलेले पैसे तिथेच जातात. शहरात गाडी एकदा लावली की काढू नका. ‘डॅश’ नावाची शटल बस फुकट आहे.

पहिल्या दुपारी मीटिंग स्ट्रीटवरचं चार्ल्सटन म्युझियम बघा. व्हिजिटर सेंटर समोरच असल्याने गाडी तिथल्या पार्किंगमध्ये लावता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालणं. सिटी मार्केटपासून ईस्ट बे स्ट्रीटने दक्षिणेकडे निघा. वाटेत १७७१ साली बांधून झालेलं ओल्ड एक्स्चेंज लागतं. पुढे रेनबो रोची तेरा रंगीत घरं. त्यांची तोंडं पूर्वेला आहेत, त्यामुळे फोटो सकाळीच. दुपारी दर्शनी भिंती सावलीत जातात आणि रंग मळकट दिसतात. तिथून बॅटरी नावाच्या समुद्रकाठाचा उंच बांध, व्हाइट पॉइंट गार्डनमध्ये ओकच्या सावलीत बसणं आणि मीटिंग स्ट्रीटने सेंट मायकल्स चर्चपर्यंत परत. एकूण तीन-साडेतीन किलोमीटर होतं. फरसबंदी उंचसखल आहे आणि ओकच्या मुळांनी जागोजागी उचकटली आहे. चाल्मर्स स्ट्रीटवर तर गोल दगडगोटे आहेत, तिथे घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. आई-बाबांना स्पोर्ट्स शूजच घालायला सांगा, चपला-सँडल नकोत.

तिसऱ्या दिवशी परतताना अ‍ॅशली रिव्हर रोडवरची एकच बाग घ्या. दोन-दोन बागा एका दिवसात कोंबणारे लोक दुसरीत बाकावरच बसून राहतात. सत्तरीच्या पाहुण्यांसाठी मॅग्नोलिया बरी, कारण तिथे आवारात फिरवणारी ट्राम मिळते. मिडलटन प्लेस अधिक रेखीव आहे. तिथली १७४१ पासूनची आखीव बाग आणि नदीकडे उतरणाऱ्या गवताच्या पायऱ्या बघण्यासारख्या आहेत, पण चढउतार आहे.

जुनी घरं रस्त्याला पाठ करून उभी का दिसतात? आणि भिंतींवर लोखंडी गोल तबकड्या कसल्या?

पाठ नव्हे, बाजू. या घरांना तिथे ‘सिंगल हाउस’ म्हणतात. रस्त्याच्या बाजूने रुंदी एका खोलीएवढीच, आणि घर मागे लांबवर गेलेलं. लांब बाजूला, बहुधा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, मजल्यामजल्याला व्हरांडा असतो. समुद्रावरचा वारा तिथून आत शिरतो आणि खोल्यांवर थेट ऊन पडत नाही. रस्त्यावरचा दरवाजा उघडला की माणूस घरात नव्हे, व्हरांड्यात येतो. चालताना व्हरांड्याच्या छताकडे बघा. बरीच छतं फिकट निळी रंगवलेली दिसतील. भुताखेतांना हा रंग चालत नाही, अशी आफ्रिकी वंशाच्या गुल्ला लोकांची समजूत आहे.

तबकड्या म्हणजे भिंतीतून आरपार घातलेल्या लोखंडी सळ्यांची टोकं. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपात विटांच्या भिंती बाहेर फुगल्या. त्या पुन्हा एकमेकींशी आवळून धरण्यासाठी सळ्या घातल्या आणि बाहेरून तबकडी लावून नटाने कसल्या. काही घरमालकांनी पुढे त्यांवर सिंहाची तोंडं वगैरे बसवून घेतली.

फोर्ट सम्टरला जावं का? काही जण म्हणतात, तिथे बघण्यासारखं काहीच नाही.

इतिहास न वाचता गेलात तर त्यांचं खरं ठरेल. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे या किल्ल्यावर डागली गेली. किल्ला मूळचा तीन मजली. १८६३ पासून उत्तरेच्या तोफांनी त्याचा जवळपास एकच मजला शिल्लक ठेवला. मधोमध जो काळा काँक्रीटचा ठोकळा दिसतो तो यादवी युद्धातला नाहीच, तो १८९८ नंतरचा. लोक नेमके त्याच्याकडे बघून निराश होतात. बाहेरच्या विटांच्या भिंतीजवळ जा. तिच्यात रुतून बसलेले तोफगोळे अजून दिसतात.

किल्ला बंदराच्या तोंडाशी कृत्रिम बेटावर आहे आणि बोटीनेच जाता येतं. प्रवेश फुकट आहे, पैसे बोटीचे. बोटी दोन ठिकाणांहून सुटतात : शहरातून लिबर्टी स्क्वेअर, आणि नदीपलीकडे माउंट प्लेझंटमधला पॅट्रियट्स पॉइंट. जायला अर्धा तास, बेटावर साधारण एक तास, यायला अर्धा तास, चढण्या-उतरण्यासकट सव्वादोन तास धरा. तिकिटावर धक्का कोणता आहे ते नीट वाचा. भलत्याच धक्क्यावर पोहोचून बोट चुकणं हा इथला नेहमीचा गोंधळ आहे, कारण दोन धक्क्यांच्या मध्ये मोठा पूल आहे.

दिवसाची पहिली बोट घेतलीत तर झेंडा चढवताना मदतीला पर्यटकांना बोलावतात, शेवटच्या बोटीला उतरवताना. ओहोटीच्या वेळी बोटीत चढायचा फळीचा उतार तीव्र होतो. गुडघे दुखत असतील तर भरतीच्या जवळची बोट निवडा. बेटावर सावली कमी आणि खायला काही नाही. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

ऑक्टोबरात गेलेल्या मित्राची गाडी पाऊस नसताना पाण्यात अडकली. असं कसं?

उधाणाची भरती. शहराचा बराच भाग खाडी-दलदल बुजवून केलेल्या जमिनीवर आहे आणि समुद्रसपाटीपेक्षा फार उंच नाही. चार्ल्सटन बंदराच्या मोजपट्टीवर भरती सात फुटांना पोहोचली की सखल रस्त्यांवर पाणी यायला लागतं. बरेचदा ते गटारांतूनच उलटं वर येतं, म्हणून आकाश निरभ्र असतानाही रस्ता भरतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास हे जास्त होतं. भरतीच्या वेळेलाच मुसळधार पाऊस आला तर पाण्याला जायला वाट उरत नाही आणि मार्केटचा परिसर पाहता पाहता गुडघाभर पाण्यात जातो.

उपाय सोपा आहे. निघण्याआधी अमेरिकी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर चार्ल्सटन हार्बरची भरती-ओहोटीची वेळ आणि उंची बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात, त्यामुळे सकाळची वेळ कळली की रात्रीचीही कळते. आकडा सातच्या जवळ असेल तर गाडी बहुमजली पार्किंगच्या वरच्या मजल्यावर लावा आणि भरतीच्या आसपासच्या दोन तासांत म्युझियम उरका. साचलेल्या पाण्यातून गाडी मुळीच घालू नका. पाणी खारं असतं, ब्रेक आणि खालचा पत्रा खातं, आणि भाड्याच्या गाडीचं बिल तुमच्या नावावर येतं.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्ट-सप्टेंबरचं बुकिंग रद्द करता येण्याजोगंच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

वेळ दोनच म्युझियमपुरता आहे. बारा वर्षांचा मुलगा बरोबर आहे. कोणती निवडावी?

एक, इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. जून २०२३ मध्ये उघडलं. ज्या गॅड्सडेन्स व्हार्फवर गुलामांची जहाजं लागत, त्याच जागेवर आहे. त्या जमिनीवर भार नको म्हणून इमारत खांबांवर उचलून धरली आहे. खालची बाग सर्वांना मोफत खुली आहे. तिथे पाण्याच्या काठाला जमिनीवर माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळाशी माणसं जशी खेटून आडवी ठेवत तशा. त्यांच्यावर पाणी चढतं आणि ओसरतं. आत जाण्याआधी हे बघावं. बारा वर्षांच्या मुलाला इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधी काढा. सोमवारी बंद. आत दोन-अडीच तास लागतात.

दुसरं मुलाच्या आवडीवर. विमानं-जहाजं आवडत असतील तर पॅट्रियट्स पॉइंटला यॉर्कटाउन ही विमानवाहू युद्धनौका आहे. १९४३ साली नौदलात दाखल झालेली. १९६८ मध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांना समुद्रातून हिनेच उचललं. आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, तेव्हा पायात बंद बूट हवेत. उन्हाळ्यात वरचा डेक तव्यासारखा तापतो, म्हणून तो सकाळी आधी आणि आतली दालनं नंतर. सम्टरची बोटही इथूनच घेतलीत तर अर्धा दिवस वाचतो. मुलाला पाणबुड्यांचं वेड असेल तर नॉर्थ चार्ल्सटनमध्ये हनली आहे. १८६४ मध्ये शत्रूचं जहाज बुडवणारी ही पहिली पाणबुडी, २००० साली समुद्रतळातून वर काढली. मात्र ती साधारणपणे शनिवार-रविवारीच बघता येते.

तसं काही वेड नसेल तर चार्ल्सटन म्युझियम. १७७३ ची स्थापना, अमेरिकेतलं पहिलं म्युझियम म्हणून ओळख. दारातच टांगलेला देवमाशाचा सांगाडा मुलांना आवडतोच, पण शोधून बघण्यासारखी वस्तू लहान आहे : तांब्याचे बिल्ले. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला पाठवी तेव्हा त्याच्यासाठी शहराकडून दर वर्षी असा बिल्ला घ्यावा लागे. त्यावर शहराचं नाव, क्रमांक, साल आणि कामाचा प्रकार ठोकलेला असतो : नोकर, हमाल, कारागीर, कोळी.

प्लँटेशनच्या, म्हणजे गुलामांकडून कसून घेतलेल्या जुन्या मळ्यांच्या, सहली नुसत्या बागा आणि झुंबरं दाखवतात, अशी तक्रार ऐकली. खरं आहे का?

जागेवर अवलंबून आहे. या भागातली संपत्ती भाताची, आणि दलदलीत भातखाचरं कशी बांधायची, भरतीचं पाणी दारांनी कसं आत-बाहेर करायचं, यामागे पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचं ज्ञान आणि मेहनत होती. हे जिथे सांगत नाहीत तिथे अर्धीच गोष्ट कळते. मॅग्नोलियात गुलामांच्या घरांची स्वतंत्र फेरी असते, तिची वेळ तिकीट काढतानाच विचारा. जेम्स आयलंडवरच्या मॅक्लाउड प्लँटेशनमध्ये भरच त्या विषयावर आहे. शहरात एकच घर बघायचं असेल तर एकन-रेट हाउस बघा. डागडुजी करून चकचकीत न केलेलं, मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या आणि तबेला शाबूत असलेलं. झुंबरंच बघायची तर नॅथॅनिएल रसेल हाउस. १८०८ च्या या घरातला तीन मजले वर जाणारा गोल जिना भिंतीच्या आधाराशिवाय तरंगल्यासारखा दिसतो.

घोडागाडीची फेरी घ्यावी का?

घेतलीत तर एक लक्षात ठेवा : रस्ता तुम्हाला निवडता येत नाही. गर्दी एकाच गल्लीत होऊ नये म्हणून निघताना सोडत काढून भाग ठरतो. रेनबो रो दिसेलच असं नाही. तापमान ९५ अंश फॅरनहाइटला गेलं की फेऱ्या थांबवतात, तेव्हा जुलैत दुपारचं बुकिंग करून उपयोग नाही.

शाकाहारी माणसाने तिथे काय खावं?

विचारून खावं. नाव भाजीचं असलं तरी भांड्यात डुकराचं मांस असू शकतं. कॉलर्ड ही पालेभाजी बहुतेक ठिकाणी हॅमच्या तुकड्याबरोबर शिजवतात. हॉपिन जॉन म्हणजे चवळीसारख्या दाण्यांचा भात, त्यातही बेकन. रेड राइस म्हणजे टोमॅटोचा भात, त्याचंही तेच. ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या भरडीची पेज, बरेचदा दूध-लोण्यात होते, पण काही ठिकाणी चिकनचं पाणी घालतात. बिस्किटं म्हणजे तिथले मऊ पाव, त्यांत चरबी असू शकते. “मांस आहे का?” एवढंच विचारू नका. “हॅम, बेकन, चरबी किंवा चिकन स्टॉक घातलाय का?” असं एकेक नाव घेऊन विचारा.

निर्धास्त खाण्याजोग्या म्हणजे रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरच्या मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. फ्राइड ग्रीन टोमॅटो आणि पिमेंटो चीज बहुतेक ठिकाणी मिळतं, फक्त टोमॅटोच्या वरच्या थरात आणि चीजमधल्या मेयोनेझमध्ये अंडं असतं का ते विचारा. बेने वेफर्स या तिळाच्या पातळ कुकीजमध्ये अंडं असतंच असं धरून चाला.

एंजल ओक आणि चहाचा मळा एका दिवसात होतील?

आरामात. दोन्ही शहराच्या नैर्ऋत्येला एकाच दिशेने आहेत. जॉन्स आयलंडवरचा एंजल ओक तीन-चारशे वर्षांचा असावा असा अंदाज आहे. बुंध्याचा घेर २८ फूट, आणि काही फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर चढल्या आहेत. प्रवेश मोफत, पण फांदीवर बसू नका, रखवालदार लगेच हटकतो. पुढे वॉडमलॉ आयलंडवर चहाचा मळा. सकाळी झाड, मग मळा, आणि अंगाला डासांचं मलम लावूनच.

सिटी मार्केटमधल्या गवताच्या टोपल्या इतक्या महाग का? घासाघीस चालते का?

सुवासिक स्वीटग्रास, पाइनची पानं आणि लव्हाळ्याच्या काड्या यांची जुडी गुंडाळत न्यायची आणि पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पानाच्या पट्टीने प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला शिवायचा, हे सगळं हाताने. अवजार एकच, चमच्याची दांडी घासून केलेलं टोचं. हातभर टोपलीला अनेक दिवस जातात. पश्चिम आफ्रिकेतून आलेली ही विद्या आहे, आणि बहुधा समोर बसून विणणाऱ्या बाईच ती विकत असतात.

घासाघीस करू नका. त्याऐवजी टोपली हातात घेऊन बघा. वेढे घट्ट आणि सारख्या जाडीचे हवेत, टाके एकमेकांना धरून, मधली आरंभीची गाठ सपाट. वाळल्या गवताचा वास यायला हवा. बजेट थोडं असेल तर लहानशी पण घट्ट विणीची घ्या, मोठी सैल नको. फोटो काढण्याआधी विचारा. घरी नेल्यावर धूळ बसली तर थंड पाण्याने धुऊन, हाताने आकार नीट करून सावलीत वाळवा. दमट कपाटात बंद करून ठेवलीत तर बुरशी धरते.