पहिलं एचिंग घेताना

अरे, एचिंग म्हणजे अ‍ॅसिडनं कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापलेलं चित्र. ते विकत घेताना चित्रकाराची सही नंतर बघ. आधी कागद खिडकीपाशी तिरका धर आणि प्लेटच्या कडेचा दाब शोध. ओलसर कागद तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर ठेवून प्रेसमधून काढला की चौकट खोल बसते, शाईची रेघ किंचित उठून दिसते. मग भिंग लाव. सगळीकडे एकसारखे रंगीत ठिपके दिसले तर ती यंत्रावरची छपाई. 'लिमिटेड एडिशन' म्हणून तीही सर्रास खपवतात.

पेन्सिलीनं ७/२५ लिहिलेलं असतं, म्हणजे २५ प्रतींतली सातवी. एचिंगमध्ये १/२५ साठी उगाच जास्त पैसे मोजू नकोस. ड्रायपॉइंटचं मात्र वेगळं. त्यात अ‍ॅसिड नसतं; प्लेट थेट सुईनं ओरखडली की रेघेलगत धातूची खरबरीत कड उठते, ती शाई धरते आणि रेघ मखमली येते. प्रेसखाली ही कड लवकर चेपते, म्हणून सुरुवातीच्या प्रती सरस. पण आकडा छपाईच्या क्रमानंच टाकतात असंही नाही. जमलं तर दोन प्रती शेजारी ठेवूनच ठरव.

फ्रेमवाल्याला बजाव: सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, अ‍ॅसिड-फ्री. आणि समास कापायचे नाहीत! माझ्या एका प्रिंटचे त्यानं 'नीट बसावं' म्हणून कापले, नंबर-सहीसकट.