अफूचे ग्राहक आणि अफूचा चीक

ऐरोलीच्या एका जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने विचारलंय : "पेशींतल्या ओपिऑइड रिसेप्टरांना फ्लुओरेसंट खुणा लावून त्यांच्या जोड्या जमतात का ते पाहतात. भित्तिपत्रकावर 'चकाकणाऱ्या अफूग्राहकांची जोडी' लिहू, की 'युग्म' म्हणू?"

ताई, 'अफूग्राहकांची जोडी' पोलीस पकडतात, सूक्ष्मदर्शक नव्हे! रिसेप्टरला ग्राहक म्हणायची ही खोड हल्ली व्याख्यानांतूनही ऐकू येते. ग्राहक घासाघीस करतो, पिशवी मागतो. पेशीच्या पटलात रुतून बसलेलं आणि अफूसारखे रेणू धरणारं प्रथिन ते ग्राही. आणि 'चकाकणारे' नको, अनुस्फुरक म्हणा : एका रंगाचा प्रकाश गिळायचा आणि लगेच दुसऱ्या रंगाचा सोडायचा. ठाण्यात नंबरप्लेटवाल्याकडे मिळणारं 'रेडियम' नुसता आलेला प्रकाश परत फेकतं. त्यात रेडियमचा कणही नसतो.

आता खरी गंमत 'ओपिऑइड'मध्ये आहे. ग्रीकमध्ये 'ओपोस' म्हणजे झाडाचा चीक. रस नव्हे, चीकच. फणस कापताना हाताला तेल लावतो ते ज्याच्यामुळे, तोच. त्यावरून 'ओपिऑन', म्हणजे अफूच्या बोंडाला संध्याकाळी चिरा पाडल्या की पाझरतो तो पांढरा चीक. रात्रीत तो तपकिरी होतो, मग खरवडून घेतात. शेवटचं 'ऑइड' म्हणजे 'सारखं'. तेव्हा ओपिऑइड म्हणजे सरळ 'चिकासारखं'. मी 'चिकाभ' असा शब्द सुचवतो. घरात कोणालाच तो पसंत नाही.

पण हे बघा. नौपाड्यात डेअरीवर कधीमधी 'चीक मिळेल' अशी पाटी लागते आणि खरवसाचे शौकीन धावतात. झाडाचा पांढरा पाझर आणि व्यालेल्या म्हशीचं पहिलं दूध, मराठीला दोन्ही चीकच. आणि होमरच्या इलियडमध्ये 'ओपोस' कुठे येतो? अंजिराच्या चिकाने दूध चटकन विरजतं, या उपमेत! दाटणारं दूध दोन्ही भाषांना चिकाजवळच आठवावं, हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. शब्दांचं नातं नाही, हे मलाही कळतं, पाहण्याचं आहे.

यावर आमच्या सोसायटीतले एक वैद्य हमखास सांगतात, "अफू हा शब्द अहिफेनवरून आला, शुद्ध संस्कृत." सापाचा फेस! बोंडात ना साप, ना फेस. ग्रीक ओपिऑनचं अरबीत अफ्यून झालं, अफ्यूनवरून आपली अफू-अफीण, आणि त्याच अफ्यूनला संस्कृत पंडितांनी अर्थाचा अंगरखा चढवून अहिफेन केलं. चरक-सुश्रुतांत अफूचा पत्ता नाही, हे वैद्यबुवांनीच एकदा कबूल केलं होतं. उलट सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात अहिफेनाशेजारीच 'खसफलक्षीर' हा पर्याय आहे. खसफळाचं दूध, म्हणजे पुन्हा चीकच! (अनारशावरची खसखस याच बोंडातली, पण बी, तिच्यात चीक नसतो. दिवाळीत निर्धास्त असा.)

हां, जोडी. तिथे जपून. एका ग्राहीला एक खूण, दुसऱ्याला दुसरी. पहिलीवर प्रकाश टाकला की ती आपली ऊर्जा दुसरीला देते आणि दुसरी उजळते. हे साधारण 10 नॅनोमीटरच्या आतच जमतं. अंतर दुप्पट झालं की देवाणघेवाणीचा वेग चौसष्टपट घटतो. पण यातून कळते ती जवळीक. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये दोन माणसं एकमेकांना चिकटून उभी असतात, म्हणून त्यांचा संसार असतो का? प्रयोगात पेशीत ग्राहींची खच्चून भरती केली तर गर्दीनेही दुसरी खूण उजळते. म्हणून पुरावा पक्का असेल तिथेच 'युग्म' लिहा, एरवी 'जवळीक'.

म्यू आणि डेल्टा ही ग्राहींच्या प्रकारांची नावं मात्र भाषांतराविना राहू द्या. म्यू मॉर्फीनवरून आला, पण डेल्टा हे नाव उंदराच्या रेतवाहिनीवरून, म्हणजे 'व्हास डेफरेन्स'च्या 'ड'वरून पडलंय. भित्तिपत्रकापाशी उभं राहून ते पाहुण्यांना तुम्हालाच समजवावं लागेल.