ती पाटी पलंगाखालीच राहू द्या

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, जय ख्रिस्त. मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) स्त्री मंडळाची सेक्रेटरी आहे. गेल्या महिन्यात माझ्या चुलत जावेचा नऊ वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. आठ दिवस दवाखान्यात होता, आम्ही उपास धरून प्रार्थना केल्या. मातीनंतर तिसऱ्या दिवशी बाहेरगावचे काही प्रार्थनेवाले आले आणि तिला तोंडावर म्हणाले, "विश्वास कमी पडला, नाहीतर लेकरू वाचलं असतं." तेव्हापासून ती उपासनेला येत नाही, बायबल उघडत नाही. घरभरणीला आम्हीच तिला ईयोब ८:७ ची पाटी दिली होती, 'आरंभ अल्प असला तरी शेवट भरभराटीचा होईल' अशा अर्थाची. ती दारावर होती. परवा तिने ती काढून पलंगाखाली सारली. स्त्री मंडळाने मला तिच्याकडे पाठवायचं ठरवलंय. कोणतं वचन घेऊन जाऊ?
— एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : ताई, ती पाटी पलंगाखालीच राहू द्या. जावेच्या हातून काही वावगं झालेलं नाही.

ईयोबाचा आठवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. पाटीवरचं वाक्य देवाचं नाही आणि ईयोबाचंही नाही. ते बिल्दद शूहीचं आहे, ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या तिघा मित्रांपैकी एकाचं. हाच बिल्दद त्याच्या तीनच वचनं आधी ईयोबाला काय सांगतो? तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी, एकाच छपराखाली गेलेल्या बापाला हे ऐकवलं जातंय. ते बोलून झाल्यावर मग 'तुझा शेवट भरभराटीचा होईल'. आपण तेवढीच एक ओळ उचलली, सोनेरी अक्षरांत छापली आणि घराघरांत वाटली. मीही वाटली आहे. ती कोणाच्या तोंडची, कोणाला उद्देशून, हे विचारायचं राहून गेलं.

आता बेचाळिसावा अध्याय, सातवं वचन काढा. तिथे देव त्या तिघांपैकी अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही माझ्या सेवक ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत. ईयोब तर पुस्तकभर भांडला, जन्माचा दिवस शापून मोकळा झाला. त्याचं बोलणं यथार्थ ठरलं, आणि देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले. हा भाग मी कितीतरी वर्षं वर्गात शिकवला. अजूनही तिथे आलो की पुढे वाचवत नाही.

'विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्यांनी बहुधा मत्तय १७ मनात धरलं असेल. फेफऱ्याच्या मुलाला बाप येशूकडे आणतो, तो प्रसंग. पण अल्पविश्वासाचा ठपका तिथे कोणावर येतो ते बघा. शिष्य येशूला एकांतात विचारतात, आम्हाला का जमलं नाही? उत्तर त्यांना मिळतं. मुलाला नाही, बापाला नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात तर तो बाप रडकुंडीला येऊन कबूलच करतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला तुम्हीच हात द्या. अशा अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचं लेकरू बरं झालं. शुभवर्तमानात कुठल्याही रडत्या आईला तिच्या विश्वासाचं माप काढून दाखवलेलं मला सापडलेलं नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त अपराधी होती असं समजू नका, असं येशू स्पष्ट सांगतो. मात्र हे सगळं जावेपुढे मांडायला जाऊ नका. हे तुमच्यासाठी आहे, तिच्या दारात पाऊल टाकताना तुमचं मन घट्ट असावं म्हणून.

तर कोणतं वचन न्यायचं? पहिल्या भेटीत एकही नाही.

१९८७ साली नेवासे तालुक्यात माझी पहिली नेमणूक होती. ऊसतोडीला गेलेलं एक कुटुंब गावी परतलं आणि चारच दिवसांत त्यांचा सहा वर्षांचा पोरगा विहिरीत पडला. मी पोचलो तेव्हा आई कणगीला टेकून बसली होती. हातात त्याची एकच रबरी चप्पल. मी समोर बसलो, बायबल काढलं आणि रोमकरांस ८:२८ वाचायला घेतलं, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ते. अर्ध्यातच ती म्हणाली, "साहेब, ते मिटा आधी. लेकरू सकाळी बिनभाकरीचं खेळाया गेलं. मीच म्हणले, आल्यावर खा."

मी मिटलं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. मंडळीतली एक म्हातारी आत आली. कोणाशी काही न बोलता तिने चूल पेटवली, पीठ मळलं, भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती तिने ताटलीत घालून त्या आईपुढे ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. त्या आईने कुणी न सांगता घास मोडला, आणि मग ती रडली. तोवर तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

ते वचन खोटं नव्हे. पण त्याच्या आधीची वचनं मी ओलांडून गेलो होतो. बाविसाव्या वचनात सृष्टी कण्हते, तेविसाव्यात आपण कण्हतो, सव्विसाव्यात आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. हे पत्र लिहिणारा पौल तीनदा कण्हल्यावर अठ्ठाविसाव्या वचनापाशी येतो. मी एकदाही न कण्हता थेट तिथे उतरलो.

म्हणून ताई, डबा घेऊन जा. पिठलं-भाकरी, वरणभात, ती खाते ते. घोळका नेऊ नका, एखादी समजूतदार बाई बरोबर असली तर असू द्या. खाली सतरंजीवर तिच्या बाजूला बसा. मुलाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात आणि आईला वाटतं, सगळे त्याला विसरले. त्याच्या वह्या, त्याची सायकल, त्याला काय आवडायचं, ती बोलेल ते ऐका. नाही बोलली तर तुम्हीही बोलू नका. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

आणि परत जा. महिन्याभराने माणसं येईनाशी होतात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा जा, त्याच्या वाढदिवसाला जा. त्याच्या वडिलांजवळही तुमच्या घरच्यांपैकी कोणी बसावं. पुरुष ओट्यावर बसून आल्यागेल्याला पाणी देत राहतो आणि त्याला कोणी विचारत नाही. जाऊ कित्येक आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, 'मलापण त्याच्याकडे जायचंय' असं बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका आणि लगेच डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा कमीपणा आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला तुम्ही दारातच अडवा.

कधीतरी तीच म्हणेल, काहीतरी वाचा. तेव्हा ८८वं स्तोत्र वाचा. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एकतृतीयांश विलापाची आहेत, आणि बहुतेकांत शेवटी कुठेतरी उजेड दिसतो. ८८व्यात दिसत नाही. हिब्रूमध्ये त्याचा शेवटचा शब्दच 'काळोख' आहे. हे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी दुरुस्त केलेलं नाही. तिला कळू द्या की तिच्यासारखं बोलणारं माणूस देवाच्या पुस्तकात आहे.

प्रश्न : पाळकसाहेब, सलाम. मी २४ वर्षांचा, बी.कॉम., वाळूजच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) शिकवतो, तरुण संघात संदेश देतो. ईश्वरविज्ञान शिकायची ओढ आहे. वडील म्हणतात, चालू नोकरी सोडून चार वर्षं कशाला घालवतोस? मित्र म्हणतात, मोबाइलवर बायबलवरची सगळी भाष्यं मिळतात. मराठी माणसाला हिब्रू-ग्रीकचा काय उपयोग? समुपदेशन तर प्रेमाने बोललं की झालं ना?
— एक तरुण, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बेटा, आधी वरचं पत्र पुन्हा वाच. त्या घरी आलेले लोकही प्रेमानेच बोलायला आले असतील.

पदवीधरासाठी बी.डी., म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी, साधारण चार वर्षांची. सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी, म्हणजे त्याच्या पदव्यांचं काम पाहणाऱ्या मंडळाशी, जोडलेल्या सेमिनरींत (ईश्वरविज्ञानाच्या महाविद्यालयांत) ती होते. सेरामपूर कॉलेज १८१८ चं, आणि पदव्या देण्याचा अधिकार त्याला डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेने मिळाला. आपल्या जवळ म्हणजे पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे (१९८३ पर्यंत ती यवतमाळला होती), कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. दोन-तीन ठिकाणी जाऊन बघ, वर्गात बसू देतात का विचार, कोणत्या भाषेत शिकवतात ते विचार. वडिलांची काळजी खोटी नाही. घर तुझ्या पगारावर चालत असेल तर नोकरी सांभाळून सिनेटचा बी.सी.एस. (ख्रिस्ती अध्ययनाची पदवी) हा बहिःस्थ अभ्यासक्रम आधी कर. ओढ खरी असेल तर दोन-तीन वर्षांनी ती कमी होत नाही.

भाषांचं म्हणशील तर पंडिता रमाबाईंकडे बघ. संस्कृतच्या एवढ्या विदुषी, पण केडगावला मुक्तिसदनाचा सगळा पसारा सांभाळत उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल त्यांना मुळावरून करायचं होतं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. बायबल छापून आलं १९२४ साली. त्यांनी कधी विचारलं नाही की मराठी माणसाला याचा काय उपयोग.

उपयोग सांगतो. इफिसकरांस ५:२२, 'स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा.' मार खाणाऱ्या बाईला हे वचन दाखवून परत सासरी धाडलेलं मी दोन घरांत पाहिलंय. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. 'अधीन असणे' ते आधीच्या एकविसाव्या वचनातून उसनं घेतं, आणि तिथे लिहिलंय 'एकमेकांच्या अधीन असा'. म्हणजे नवऱ्यालाही लागू. वाक्य मधूनच तोडायचं की वरपासून वाचायचं, यावर एका बाईची हाडं शाबूत राहणं अवलंबून होतं. मोबाइलवरच्या भाष्यात हे असेलही, पण कुठे शोधायचं हे आधी कळावं लागतं.

समुपदेशनाचंही तसंच. अँटन बॉइसन नावाचे अमेरिकन पाळक स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिले होते. १९२५ साली त्यांनी वुस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी नेले. त्यांचं म्हणणं होतं की माणूस हाही एक जिवंत दस्तऐवज आहे, ग्रंथाइतक्याच काळजीने वाचावा. त्या परंपरेतून शब्दशः टिपणाची पद्धत आली. विद्यार्थी वॉर्डात रुग्णाला भेटतो, बाहेर येऊन संभाषण आठवेल तसं शब्द न् शब्द लिहितो, आणि वर्गात सगळ्यांसमोर वाचतो. माझ्या वर्गात एका हुशार मुलाने असं टिपण आणलं. किडनीचा आजार असलेल्या आजोबांची तीन वाक्यं, आणि त्याची स्वतःची अकरा. आजोबांचं दुसरं वाक्य होतं, "घरी शेळी एकटी आहे." त्यावर या मुलाने उत्तम मेंढपाळावर बोलायला सुरुवात केली होती. वाचता वाचता तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "सर, शेळीला कोण बघतंय ते मी विचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी तो परत वॉर्डात गेला. तो तास मला माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोलाचा वाटतो.

प्रश्न : मी शब्बाथ शाळेत शिकवते. बारा वर्षांच्या एका मुलीने नात्यातल्या एका माणसाबद्दल मला वाईट गोष्ट सांगितली आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन घेतलं. पाळकीय सेवेत सांगितलेलं गुपित राखायचं असतं ना? मंडळीचे पंच म्हणतात, प्रार्थना करून घरातच मिटवू.
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, गुपित राखायचं ते बोलणाऱ्याच्या भल्यासाठी. इथे गुप्तता त्या माणसाला वाचवते, मुलीला नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्याला ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुम्हालाही, पंचांनाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथून पुढची मदत मिळते.

मुलीला मात्र आधी तुम्हीच भेटा. तिला सांगा की तू बोललीस हे फार चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आणि मी जे वचन दिलं ते मला पाळता येणार नाही, कारण तू सुरक्षित राहायला हवीस. खोदून खोदून प्रश्न विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं आहे. पोलिसांकडे तिच्यासोबत तिचा विश्वास असलेली एक बाई असू द्या. तुम्हीच जाल तर उत्तम.

पंचांची बैठक रविवारी असेल. तोवर थांबू नका, हे पान वाचाल त्याच दिवशी फोन करा.