आरशासमोरची वाक्यं आणि वचन

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण घाईघाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. तुम्ही लिहिलंय की चार महिने झाले, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून तुम्ही ॲपवरची वाक्यं म्हणता: मी सक्षम आहे, मी जशी आहे तशी पुरेशी आहे, पैसा माझ्याकडे सहज येतो. मंडळीतली एक मैत्रीण म्हणाली, हे पाप आहे, सोडून दे. दुसरीने त्याऐवजी पवित्र शास्त्रातल्या वचनांचा छापील कागद दिला. त्यातलं पहिलंच वाक्य, ‘मी मस्तक आहे, पुच्छ नाही.’ तुम्ही विचारलंत की दोन्हींत फरक काय. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे. सकाळी बरं वाटतं, मग संध्याकाळी ऑफिसातून येताना आधीपेक्षा जास्त रिकामं का वाटतं?

तिथूनच सुरुवात करते. हे तुमच्या एकटीचं नाही आणि तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणूनही नाही. 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात कमी वाटतं, अशा लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. ज्यांना आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडाफार फायदा झाला. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच ते लागू पडत नाही. कारण मन गप्प बसत नाही. तोंडाने ‘मी सक्षम आहे’ म्हटलं की आतून कोणीतरी लगेच विचारतं, मग कालच्या मीटिंगमध्ये काय झालं होतं? दिवसभर तुम्ही त्या आतल्या आवाजाशी भांडत असता. संध्याकाळपर्यंत दमणारच.

ही पद्धत फार जुनी नाही. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधविक्रेते होते. औषध देताना चार चांगले शब्द बोलले की गुण लवकर येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी लोकांना एक वाक्य दिलं: ‘दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत आहे.’ सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायचं, आणि मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. माणूस कनवाळू होता, गरिबांकडून पैसेही घेत नसे. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ती दोरी बघा. आपल्याकडे माळ ओढणारा कोणाचं तरी नाव घेतो. या दोरीवर मात्र दुसऱ्या कोणाचंच नाव नाही, प्रत्येक गाठीला फक्त ‘मी’.

मग हे पाप आहे का? तुमच्या मैत्रिणीइतक्या ठामपणे मी तसं म्हणणार नाही. स्वतःशी मोठ्याने बोलणं पवित्र शास्त्रात आहे, आणि भरपूर आहे. स्तोत्र 42 घ्या: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस? देवाची आशा धर.’ हा माणूस चक्क स्वतःच्या जिवाला हाक मारून बोलतोय. यहोशवा 1:8 मध्ये आणि पहिल्या स्तोत्रात जिथे आपण ‘मनन’ वाचतो, तिथलं मूळ हिब्रू क्रियापद तर आवाजाचंच आहे. सिंहाच्या गुरगुरण्याला आणि पारव्याच्या घुमण्याला यशयाने तेच वापरलंय. म्हणजे वचन ओठांवर घोळवायचं, पुटपुटायचं. माझी आजी पोळ्या लाटताना तेच करायची. तिला मनन हा शब्दही कधी वापरावा लागला नाही.

पण स्तोत्र 42 मधला माणूस आधी काय करतो ते पाहा. तो जिवाला विचारतो, का खिन्न झालास? रात्रंदिवस अश्रू हेच माझं अन्न झालंय, हे तो लपवत नाही. लोक मला विचारतात तुझा देव कुठे आहे, तेही सांगून टाकतो. आणि एकदा म्हणून भागत नाही. तोच प्रश्न, तीच आशा त्या स्तोत्रात दोनदा येते, पुढच्या 43 व्यात तिसऱ्यांदा. दुःखाला तोंड बंद करायला न सांगता तो त्याला देवासमोर नेऊन बसवतो. ॲपवरच्या वाक्यांत दुःखाला बसायला जागाच नसते.

आता स्तोत्र 23. तोंडपाठ असल्यामुळे आपण ते नीट ऐकत नाही. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. मग मृत्युच्छायेची दरी येते, आणि तिथे शब्द बदलतो. ‘तो’ जातो आणि ‘तू’ येतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाबद्दल बोलणं चालून गेलं, दरीत उतरल्यावर त्याच्याशीच बोलावं लागलं. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका ‘तू’मध्ये आहे.

कारण आरशातून उत्तर येत नाही. ‘मी पुरेशी आहे’ हे तुम्ही म्हणता, ऐकताही तुम्हीच, आणि ते खरं करून दाखवण्याचं ओझंही तुमच्याच डोक्यावर. प्रेषित पौलाने शरीरातल्या ‘काट्या’साठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, प्रभूला तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. त्याला जे मिळालं ते असं होतं: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ आपल्या भाषेत शब्द तोच आहे, पुरे. फक्त पुरे पडणारा कोण, ते बदललं. ज्या दिवशी मी पुरी पडत नाही, त्या दिवशीही हे वाक्य खोटं ठरत नाही. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 च्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत लिहिलंय की पाप आणि विवेकबुद्धी टोचायला लागली की म्हणावं, ‘तरीही माझा बाप्तिस्मा झालेला आहे.’ तो ‘मी चांगला आहे’ म्हणायला सांगत नाही. आपल्यावर देवाने काहीतरी केलंय, ते आठवायला सांगतो.

आता तो छापील कागद. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते.

‘मस्तक, पुच्छ नाही’ हे पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं 28:13 आहे. तो अध्याय पूर्ण वाचा. ते वचन इस्राएल राष्ट्राला दिलेलं आहे आणि त्याला आज्ञापालनाची अट आहे. पहिल्या 14 ओव्यांत आशीर्वाद, पुढच्या 54 ओव्यांत शाप, आणि 44 व्या ओवीत तेच मस्तक-पुच्छ उलटं होऊन परत येतं. ‘मनुष्य जसा मनात विचार करतो तसा तो असतो’ हे नीतिसूत्रे 23:7 मधलं वाक्य तर सगळीकडे छापलेलं असतं. तिथे विषय आहे कंजूष यजमानाचा: तोंडाने ‘खा, पी’ म्हणतो, मनात घास मोजत असतो, त्याच्याकडे जेवू नका. विचारांनी आयुष्य घडवण्याचा तिथे काही संबंध नाही.

आणि फिलिप्पैकरांस 4:13, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ परीक्षेआधी, मुलाखतीआधी आपण सगळेच हे म्हणतो. पौलाने हे बंदिवासातून लिहिलं. आधीच्या दोन ओव्यांत त्या ‘सर्वकाही’मध्ये काय काय आहे ते आहे: तृप्त असणं आणि उपाशी असणं, भरपूर असणं आणि गरजेत असणं. म्हणजे प्रमोशन मिळालं नाही तरी हे वचन लागू आहे, किंबहुना तेव्हाच जास्त.

वचन ‘कबूल’ केलं की ते घडतं, ही शिकवण विसाव्या शतकातल्या अमेरिकेतून आली, ई. डब्ल्यू. केनयन आणि पुढे केनेथ हेगिन यांच्याकडून. ती मानणारी प्रेमळ, प्रार्थनाशील माणसं मला माहीत आहेत. पण तिची किंमत मी घरात पाहिली आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा एक प्रार्थना गट घरी येऊ लागला. त्यांनी सांगितलं, आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही, ‘मी बरी झाले आहे’ एवढंच म्हणायचं. ताईने चिठ्ठ्या लिहिल्या. फ्रिजवर, लोखंडी कपाटावर, औषधांच्या डब्याच्या झाकणावर. उपचार चालू होते, ती देवाची दया. पण एका रात्री केमोनंतर मी तिच्याजवळ झोपले होते आणि ती पदर तोंडात धरून कण्हत होती. मी म्हटलं, दुखतंय का गं? तिने मानेनेच हो म्हटलं आणि कुजबुजली, ‘बोलायला लावू नकोस, बोलले तर बरं होणं अडेल.’ तिला आजारापेक्षा स्वतःच्या जिभेची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आमची मावशी आली. तिने काही समजावलं नाही. चष्मा लावला आणि स्तोत्र 88 वाचलं, ज्याचा शेवटही अंधारातच होतो. ताई ऐकत राहिली, मग म्हणाली, ‘असंही म्हणता येतं देवाला?’ मावशी म्हणाली, ‘त्यानेच लिहून ठेवलंय ना.’ त्या दिवशी ताई पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि रात्री झोपली. चौदा महिन्यांनी ती प्रभूघरी गेली. त्या चौदा महिन्यांत तिने खूप प्रार्थना केली, बरं कर असंही मागितलं, दुखतंय असंही सांगितलं. चिठ्ठ्या मी काढायला गेले तर एक काढू दिली नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला अजून आहे. तिच्या अक्षरात, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’, आणि ‘तू’खाली दोन रेघा.

म्हणून तुम्हाला सांगते, सकाळची ती दहा मिनिटं सोडू नका. जागा हवी तर तीच ठेवा, फक्त बोलायचं कोणाशी ते बदला. एकच वचन घ्या, आठवडाभर तेच. ज्या अध्यायातलं आहे तो अध्याय रविवारी पूर्ण वाचा. मग आधी खरं काय आहे ते सांगा: प्रभू, आज त्या मीटिंगची भीती वाटतेय, मला झोप लागली नाही. आणि मग वचन, त्याला उद्देशून. विश्वास डळमळीत असेल तर तेही सांगायला वाक्य आहे. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला होता, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं.

आणि मराठीत म्हणा. ॲपची सवय इंग्रजीची असते, पण रडू आपल्याला मराठीत येतं. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, तरी त्या कामाला चिकटून राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. एका आईने असं करून ठेवलेलं आपल्या हाती आहे, ते वापरू या.

सुरुवातीला विलापगीत 3 घ्या असं मी सुचवेन. ‘ती रोज सकाळी नवी होते’ हे देवाच्या दयेबद्दलचं वाक्य तिथलंच, जळून पडलेल्या यरुशलेमेत म्हटलेलं. त्याच्या आधीच्या वीस ओव्या गाळू नका.

एक शेवटचं. ते रिकामेपण दोन-तीन आठवडे रोजच येत असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही. ताईच्या शेवटच्या वर्षात मीही गेले होते. पाळकांशीही बोला. आणि मैत्रिणीने दिलेला कागद तिला रागाने परत करू नका, तिने प्रेमानेच दिलाय. दोघी मिळून त्यातलं एकेक वचन अख्ख्या अध्यायासकट वाचता आलं तर बघा. पहिला आठवडा कसा गेला ते इथेच लिहा, मी वाट पाहीन. तुमच्यासाठी प्रार्थना करतेय.