वयाचे डाग आणि कॅन्सरची धास्ती

प्रश्न : वय ५९. तीस वर्षं दुचाकीवरून फिरतीची नोकरी केली. चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत आणि कानशिलाजवळ दोन काळपट, खरखरीत उंचवटे आलेत. सुरकुतलेल्या त्वचेला कॅन्सर लवकर होतो, असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सुरकुतीचा कॅन्सर होत नाही. पण दोन्हींमागे बऱ्याचदा एकच कारण असतं, ऊन. खिडकीच्या उजेडात दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी धरून बघा. वय दोन्हींचं ५९च. आतली त्वचा मऊ, एका रंगाची. बाहेरची राठ, ठिपकेदार. एवढा फरक वयाने पडत नाही.

उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. त्यातले यूव्हीए खोल जाऊन त्वचा घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचे धागे तोडतात, त्यातून सुरकुत्या येतात. यूव्हीबी वरच्या थरातल्या पेशींचा डीएनए बिघडवतात. बिघाड रोज होतो, पेशी तो रोज दुरुस्तही करतात. वयाबरोबर ही दुरुस्ती मंदावते आणि राहून गेलेल्या चुका साठत जातात. त्वचेचे कॅन्सर बहुतेक उतारवयात दिसतात ते यामुळे.

आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बरंच संरक्षण देतं. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे हे कॅन्सर खूपच कमी. मात्र जे होतात, ते अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. स्क्वेमस सेल कॅन्सर भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेत. माणूस आरशात गाल न्याहाळत बसतो आणि तळपाय कुणी उलटून बघत नाही! महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. एकाच नखावर नव्याने आलेली काळी रेघ रुंदावत असेल किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नका. चार आठवड्यांत न भरलेली जखम, वरचेवर खपली धरून रक्त येणारी पुळी, मोत्यासारखी चकाकती कड असलेली काळी गाठ हेही दाखवायचं. शेवटची गाठ म्हणजे बेसल सेल कॅन्सर असू शकतो. आपल्या त्वचेवर तो काळा दिसतो, म्हणून लोक त्याला तीळ समजतात.

तुमचे उंचवटे वर्णनावरून सेबोऱ्हिइक केराटोसिस वाटतात : मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखे, निरुपद्रवी. तरी त्वचारोगतज्ज्ञाकडून डर्माटोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) एकदा खात्री करून घ्या. तोवर चुना-सोडा नको, घोड्याचा केस बांधणं नको आणि पार्लरमध्ये जाळून घेणं तर नकोच. जाळलं की तपासायला तुकडाच उरत नाही. वरून जखम भरते आणि गाठ कॅन्सरची असेल तर आत वाढत राहते. शंका असेल तिथे आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०चं घ्या. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, त्यामुळे यूव्हीएसाठी पीए+++ बघा. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा एवढं लागतं. बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात, मग डबीवरचा आकडा कागदावरच राहतो. बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसल्यावर लगेच. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. जुलैत ढग असतात खरे, पण बरेचसे किरण त्यांतूनही उतरतात.

प्रश्न : गाडीत एसी, काचा बंद. तरी सनस्क्रीन हवंच का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : हवं. काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए सगळे नाही. समोरची काच थरांची असल्याने बरीच राखण करते, बाजूच्या काचा बहुधा तेवढी करत नाहीत. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा! आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, तेव्हा उजवा गाल, कान आणि उजवा हात विसरू नका.