वाचकांचे प्रश्न : एबीएसचा दिवा विझत नाही तेव्हा

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी सेडान २०१० सालची असून तिचे सव्वा लाख किलोमीटर झाले आहेत. २०२१ च्या जुलैमधील पुरात ती आवारातच उभी होती आणि पाणी अर्ध्या चाकापर्यंत चढले होते. नंतर ती धुऊन, सर्व ऑइल बदलून घेतली आणि काही त्रास झाला नाही. गेल्या पावसाळ्यापासून मात्र एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा) पिवळा दिवा लागू लागला आहे. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंदांत विझतो, पण गाडी फाटकाबाहेर पडून जरा वेग घेते न घेते तोच पुन्हा लागतो आणि गाडी बंद करेपर्यंत तसाच राहतो. ब्रेक नेहमीसारखे लागतात. एका गॅरेजमध्ये एबीएसचे पूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगितले. तो खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा होतो. दुसऱ्या मिस्त्रीने दिव्याचा बल्बच काढून टाकायला सांगितले. आम्हाला कुंभार्ली घाटातून कराडला वरचेवर जावे लागते. काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत. आपण पत्रात जो तपशील सहज लिहून गेला आहात, तोच निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे : दिवा आधी विझतो आणि गाडी चालू लागल्यावर पुन्हा लागतो. किल्ली फिरवताच एबीएसचे कंट्रोल युनिट आपल्या व्हॉल्व्हची, रिलेची आणि चाकांपाशी बसवलेल्या वेग-सेन्सरपर्यंत जाणाऱ्या वायरींची विद्युत तपासणी करते. युनिट आतून निकामी झाले असते किंवा एखादी वायर पूर्ण तुटली असती, तर दिवा बहुधा विझलाच नसता. चाके फिरू लागल्यावर दुसरी तपासणी सुरू होते, कारण चारही चाकांकडून वेगाचा सिग्नल येतो की नाही आणि ते चार वेग एकमेकांशी जुळतात की नाही, हे तेव्हाच कळू शकते. त्यामुळे आपल्या गाडीच्या बाबतीत संशय आधी चाकांपाशी असलेल्या भागांवर घ्यायला हवा. एक अपवाद तेवढा ध्यानात ठेवावा. गाडी सुटताच युनिटमधील पंपाची मोटर क्षणभर फिरवून पाहण्याची सोय अनेक गाड्यांत असते (बॉनेटखालून बारीकशी ‘घर्र’ ऐकू येते ती हीच), आणि मोटर अडकली असेल तरी दिवा याच सुमारास लागतो. हे दोन दोष वेगळे करायचे, तर युनिटने नोंदवून ठेवलेला दोषाचा कोड वाचण्याला पर्याय नाही.

कोड वाचायला एबीएसपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागतो. उदाहरणार्थ, त्यावर सी००३५ असा कोड आला, तर पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याच्यासमोर फिरणारी दातेरी रिंग येते, वायर येते, वायरी जोडणारा कपलर येतो आणि चाकाचे बेअरिंग ढिले झाले असेल तर तेही येते. कोडवर सेन्सरचे नाव दिसताच सेन्सर मागवण्याची घाई आपल्याकडे फार होते, आणि नवा सेन्सर बसवूनही दिवा लागला की मग युनिटवर खापर फुटते. माझ्या मते आपल्याला युनिट बदलण्याचा सल्ला मिळाला तो याच वाटेने, किंवा कोड न वाचताच. यात गॅरेजवाल्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. भारतात नव्या मोटारींवर एबीएसची सक्ती २०१८-१९ मध्ये झाली. २०१० साली बऱ्याच मॉडेलांत ते वरच्या श्रेणीतील गाड्यांनाच मिळत असे, आणि लहान गावांतील मिस्त्रींच्या हाताखालून अशा गाड्या फारशा गेल्याच नाहीत.

कोड मिळाल्यावर त्याच स्कॅनरवर चारही चाकांचे चालू वेग उघडावेत. चालकाने मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने गाडी न्यावी आणि शेजारी बसलेल्याने आकड्यांवर नजर ठेवावी. तीन चाके बावीस दाखवत असताना चौथे शून्यावरच असेल, तर सेन्सर, वायर किंवा कपलर. चौथ्याचा आकडा मधूनच खाली पडून लगेच सावरत असेल आणि हे चाकाच्या प्रत्येक फेरीला घडत असेल, तर दातेरी रिंगेला तडा गेला आहे किंवा तिचा एखादा दात झिजला आहे. गाडी हळूहळू थांबवताना चौथे चाक इतरांच्या आधीच शून्यावर उतरत असेल, तर सेन्सर आणि रिंग यांच्यातील फट वाढलेली आहे. या शेवटच्या दोषाची एक खूण स्कॅनरशिवायही मिळते : सिग्नलला गाडी अगदी थांबत आली असताना, कोरड्या रस्त्यावर, ब्रेकचे पॅडल पायाखाली करकरते. ते चाक जाम झाले असे समजून एबीएस विनाकारण कामाला लागते, त्याचा तो आवाज.

आता चाक काढून प्रत्यक्ष पाहावे. कोकणातील पाऊस, लाल चिखल आणि आपल्या गाडीने सोसलेला पूर पाहता मी गंजापासून सुरुवात करीन. सेन्सर आणि रिंग यांच्यातील फट साधारण एक मिलिमीटरची असते. सेन्सर ज्या भोकात बसतो तेथे गंजाचा थर फुगला, की तो सेन्सरला उचलून धरतो आणि तेवढ्याने सिग्नल अशक्त होतो. पुढच्या चाकांत बहुधा एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर बसवलेल्या दातेरी रिंगेखालीही असाच गंज फुगतो आणि रिंगेला केसाएवढी चीर पडते. चिखल पुसून, टॉर्च धरून, चाक हाताने सावकाश एक पूर्ण फेरी फिरवल्याशिवाय ती दिसत नाही. सेन्सरचे टोक चुंबकीय असल्यास त्यावर ब्रेक पॅडची काळी लोखंडी भुकटी दाढीसारखी चिकटून बसलेली आढळते. ती फडक्याने पुसून काढणे एवढ्यावरही काही गाड्या बऱ्या होतात.

जुना सेन्सर सहसा निघत नाही. गंज सोडवणारे ऑइल आदल्या रात्री मारून ठेवावे, बोल्ट काढल्यावर सेन्सर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत ढिला करावा आणि वायरीला धरून मुळीच ओढू नये. बसण्याची जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत साफ करावी. वायरीची तपासणी डोळ्यांनी पुरी होत नाही. स्टिअरिंग वळवताना आणि चाक खड्ड्यात जाताना ती शॉकअपजवळच्या क्लिपपाशी सतत वाकत असते, आणि तेथे वरचे रबर शाबूत राहून आतील तांबे तुटते. वायर बोटांत धरून थोडी थोडी ताणत गेल्यास तांबे तुटलेल्या जागी ती रबरासारखी लांबते. कपलर उघडल्यावर पिनांवर हिरवट गंज दिसला, तर पुराच्या पाण्याचा हिशेब तेथे लागला असे समजावे. उंदरांनी कुरतडलेली वायर वेगळी सांगायला नको, ती दिसतेच.

मल्टिमीटर लावण्यापूर्वी सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. कपलर सोडवून, किल्ली ऑन ठेवून, गाडीकडून येणाऱ्या दोन टोकांवर साधारण बॅटरीइतके व्होल्टेज मिळाले, तर तो ॲक्टिव्ह, म्हणजे गाडीकडून वीज घेऊन चालणाऱ्या प्रकारचा आहे. त्याचा रेझिस्टन्स मोजून काहीच कळत नाही, उलट तो खराब होण्याची भीती असते. जुन्या पॅसिव्ह प्रकारात मात्र तो मोजता येतो आणि बहुधा हजार-दोन हजार ओहमच्या आसपास येतो. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्या चाकांतील साम्य पाहावे. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवले, तर वेगाबरोबर वाढणारे व्होल्टेजही दिसते.

चारही टायर एकाच मापाचे आहेत ना आणि बॅटरी दुबळी झालेली नाही ना, हे खरे तर अगदी पहिल्या दिवशीच पाहून घ्यावे. दुरुस्ती झाल्यावर दिवा जागच्या जागी विझला नाही म्हणून निराश होऊ नये. पुष्कळ गाड्यांत थोडे अंतर चालवून युनिटला सिग्नलची खात्री पटल्यावरच तो विझतो.

तोपर्यंत घाटात जाता येईल का? केवळ पिवळा दिवा असताना हायड्रॉलिक ब्रेक पूर्वीप्रमाणेच काम करतात; फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होणे टाळणारी मदत मिळत नाही. कुंभार्लीच्या ओल्या वळणांवर नेमकी तीच हवी असते, म्हणून दुरुस्तीपर्यंत पावसात तो रस्ता टाळलेला बरा. जाणे भागच असेल, तर उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे, पुढील वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे, आणि चाक घसरू लागल्यास पॅडल किंचित सोडून पुन्हा दाबावे. बल्ब मात्र काढू नये. उद्या एबीएसमध्ये दुसरा दोष उद्भवला, तर इशारा देणारे एक साधन आपण आपल्याच हाताने बंद केलेले असेल. गाडी विकताना घेणाऱ्याची ती सरळ फसवणूकही ठरते.

प्रश्न : मी मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. एबीएसचा दिवा लागलेला असूनही ॲपवर ‘दोष नाही’ असे येते. स्कॅनर बिघडलेला आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. ओबीडीची (गाडीतील दोष स्वतः नोंदवणाऱ्या यंत्रणेची) सक्ती मुळात प्रदूषणासाठी असल्याने अशी स्वस्त साधने आणि त्यांची सर्वसाधारण ॲप इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे ‘सी’ने सुरू होणारे कोड वेगळ्या युनिटमध्ये असतात आणि तेथे पोहोचण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी असते. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी एबीएस वाचता येते असे स्पष्ट लिहिलेले ॲप मिळाल्यास कधी कधी तेच साधन चालून जाते. नाहीतर केवळ कोड वाचण्यासाठी चांगल्या वर्कशॉपला पैसे द्यावेत आणि कोडचा स्क्रीन पुसण्यापूर्वी त्याचा फोटो मागून घ्यावा.

प्रश्न : एबीएसच्या दिव्याबरोबर हँडब्रेकचा लाल दिवाही लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली आहे. गाडी चालवावी का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : चालवू नये. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. ती किमान रेषेखाली असेल, तर एक तर गळती आहे किंवा पॅड फार झिजले आहेत. केवळ ऑइल भरून निघू नये. पातळी ठीक असतानाही दोन्ही दिवे एकत्र लागत असतील, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी ही व्यवस्थाही बंद पडल्याची शक्यता असते. अशा वेळी जोराचा ब्रेक मारल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. गाडी टो करून न्यावी. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल, तर तेही याच वेळी बदलावे, कारण ते हवेतील पाणी शोषते : ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकातील किमान मर्यादा १५५ अंशांवर येते.

प्रश्न : मागच्या चाकाचे बेअरिंग आवाज करत होते म्हणून बदलले आणि त्याच दिवसापासून एबीएसचा दिवा लागला. मेकॅनिक म्हणतो, दोन्हींचा संबंध नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : संबंध असण्याचीच शक्यता अधिक. अनेक गाड्यांत दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो आणि सेन्सर तो वाचतो. ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या असल्याने बेअरिंग उलटे बसते, आवाज जातो, गाडी सुरळीत चालते आणि दिवा तेवढा लागतो. काही स्वस्त बेअरिंगांत तो पट्टाच नसतो. काढलेले जुने बेअरिंग आणि नव्याचे खोके मागून घ्यावे व पार्ट नंबर ताडून पाहावा. पट्ट्याच्या बाजूला कागदाची क्लिप हलकेच चिकटते, दुसऱ्या बाजूच्या रबरी सीलला चिकटत नाही. बेअरिंग उलटे निघाले, तर प्रेसने बाहेर काढताना ते बहुधा निकामी होते, तेव्हा दुसऱ्या बेअरिंगचा खर्च कोणी सोसायचा हे गाडी जॅकवर चढवण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.