सात महिन्यांच्या बाळाला वरचं खाणं सुरू केल्यापासून शी खड्यासारखी होते. घुटी किती द्यावी?

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि दुकान बंद करून घरी निघालेला मी परत खुर्चीत बसलो. मुलगा सात महिन्यांचा आहे, वरचं सुरू केल्यापासून चार-चार दिवस शी नाही, झाली की खडे आणि रडारड, आणि घुटी किती द्यायची असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "सासूबाई म्हणतात, मी कामावर जायला लागले म्हणून दूध आटलं आणि बाळाचं पोट बिघडलं." हे खरं नाही. चोपड्यात माझं कृषी केंद्र आहे, मी डॉक्टर नाही. पण हेच वाक्य आमच्या घरात दोन महिने रोज बोललं जात होतं आणि ते कसं खोटं ठरलं हे माझ्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीखवार लिहिलेलं आहे.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी डिसेंबरच्या मध्यावर झाली. बाळंतपणाची रजा १८० दिवस, ती जूनच्या मध्यावर संपली, शाळाही तेव्हाच उघडते. आणि वरचं कधी सुरू करतात? सहा महिने पूर्ण झाले की. दोन्ही एकाच आठवड्यात आलं. रविवारी उष्टावण झालं, मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. सोमवारी ती डबा घेऊन शाळेत गेली. गुरुवार उजाडला तरी पोरीने शी केली नव्हती. घरच्यांना यातलं एकच दिसलं, आई उंबऱ्याबाहेर गेली ते. वाटी कोणाच्या डोळ्यांवर आलीच नाही. रजेचे महिने आणि नुसतं अंगावर पाजायचे महिने सारखेच असल्यामुळे नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांच्या नशिबी हा आळ येत असणार.

चार दिवस शी नाही एवढ्यावर घाबरणारे आम्ही नव्हतो. नुसतं अंगावरचं पिणारं बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत खेळतं आणि मग करतं ती मऊच करतं, हे माझ्या आईला पक्कं माहीत होतं. हे त्यातलं नव्हतं. पोरगी पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरायची, पाय काठीसारखे ताठ, तोंड लालबुंद, वरच्या ओठावर घामाचे थेंब. आम्हाला वाटायचं ती जोर करतेय. खरं तर ती शी आत दाबून धरत होती, हे फार उशिरा कळलं. मग एकदम किंकाळी, आणि लंगोटात बकरीच्या लेंडीसारखे तीन खडे. एकदा तिसऱ्या खड्यावर रक्ताची रेघ होती, दोऱ्याएवढी. ती रेघ मी अजून विसरलेलो नाही.

मग उपाय सुरू झाले. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून, ते झालं. घुटीत हिरड्याचे वेढे वाढवले. एक दिवस पातळ व्हायचं, सगळे सुटकेचा श्वास सोडायचे, की पुढचे चार दिवस परत काही नाही. गल्लीतल्या एका आजीबाईंनी पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलं, तेव्हा मात्र मी हात जोडले आणि पोरीला उचलून आत नेलं. इथल्याच एका दवाखान्यात पाच दिवसांचं पातळ औषध मिळालं. पाच दिवस छान गेले, बाटली संपली, सातव्या दिवशी खडे हजर.

आणि या सगळ्यात रोज संध्याकाळी बायकोला ऐकून घ्यावं लागायचं. ती पहाटे पाजून जायची, शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी पोरीला घ्यायची, रात्रीतून तीनदा उठायची. दूध आटलं असतं तर पोरीची लघवी कमी झाली असती, वजन थांबलं असतं. ती दिवसाला सहा-सात लंगोट ओले करत होती आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण हे असं जोडून बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई देवीचा सण. सगळी भाऊबंदकी एका घरात, रोट खायला पंगत बसलेली. आतल्या खोलीतून पोरीची ती ओळखीची किंकाळी आली. बायको भरल्या ताटावरून उठली. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, पंगतीत सगळ्यांच्या देखत म्हणाली, "माय नोकरीले गई, मंग पोरनं पोट कसं साफ व्हई?" कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. बायकोने दारातून माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्या बाईंनी पोट दाबून बघितलं, वजनाचा तक्ता बघितला, आणि विचारलं, "खायला काय-काय देता?" मी म्हणालो, "सगळं देतो." त्या म्हणाल्या, "सगळं म्हणजे किती वाटी, किती वाजता, कोणाच्या हातून? दहा दिवस लिहून आणा." तोवर शी मऊ ठेवायला त्यांनी औषध दिलं. मी दुकानदार माणूस, लिहायची सवय आहे. उधारीची वही उलटी करून मागून सुरुवात केली.

दहा दिवसांनी त्यांनी पानावरून बोट फिरवलं. सकाळी केळीच्या पिठाची पेज. दुपारी भात आणि वरणाचं वरचं पाणी. चार वाजता गाईच्या दुधात दोन बिस्किटं. रात्री परत केळीच्या पिठाची पेज, झोपताना वाटीभर दूध. "अहो, हे सगळं पांढरं आहे," त्या म्हणाल्या. "यात एक हिरवी किंवा तांबडी वस्तू दाखवा." नव्हती. भाजी शून्य, फळ शून्य, तुपाचा थेंब नाही, पाणी दिवसभरात चार चमचे.

केळीचं पीठ ऐकून बाहेरच्यांना नवल वाटेल. आमच्याकडे घड हिरवाच कापतात, ट्रकने बाहेरगावी जातो आणि पिकतो तिकडे. फणीतून सुटलेली हिरवी केळी घरात पडलेलीच असतात. आई ती विळीवर चकत्या करून गच्चीवर सुती लुगड्यावर वाळवते आणि दळून डब्यात भरते. मी याच पिठावर वाढलो असं ती सांगते आणि ते खरं आहे. पण कच्च्या केळात जो स्टार्च असतो तो बराचसा लहान आतड्यात पचत नाही. केळं पिकत गेलं की त्याचीच साखर होते. कच्चं केळं जुलाबात देतात ते शी बांधून यावी म्हणून. जुलाब नसलेल्या पोरीला आम्ही तेच दिवसातून दोनदा देत होतो, आणि शी बांधली गेली की तिच्या आईच्या नोकरीकडे बोट दाखवत होतो.

डॉक्टरांनी दुसरं जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं आहे. एकदा खडा झाला, दुखलं, चीर पडली, की बाळ पुढच्या वेळी भीतीने दाबून धरतं. धरलं की आतड्यात त्यातलं पाणी आणखी शोषलं जातं, खडा आणखी कडक होतो, आणखी दुखतं. हे चक्र खाणं बदलून लगेच तुटत नाही, कारण पोराच्या मनातली भीती जायला वेळ लागतो. म्हणून शी मऊ ठेवणारं औषध काही आठवडे, कधी काही महिने द्यावं लागतं आणि हळूहळू कमी करायचं असतं. आमची आधीची चूक हीच होती, बाटली संपली की औषध संपलं. आम्हाला लॅक्टुलोज दिलं होतं. ते शरीरात शोषलं जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवतं आणि शी मऊ करतं. "औषधाची सवय लागेल" म्हणून मध्येच बंद करणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांचं ऐकू नका. किती मिली हे मात्र वजनावर ठरतं, ते मला विचारू नका.

खाण्यात काय केलं ते सांगतो. केळीचं पीठ बंद. बिस्किटं बंद, आणि यावर माझं मत कायमचं झालंय, मैदा आणि साखर पोराच्या तोंडात घालायला वर्षभर थांबलं तर कोणाचं काही बिघडत नाही. गाईचं दूध प्यायला देणं वर्ष होईपर्यंत बंद, त्याऐवजी बायको शाळेत जाण्याआधी दूध काढून ठेवायला लागली. भाताच्या जागी कधी दादर ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, कधी मुगाची मऊ खिचडी, वर घरचं तूप. त्यात भोपळा, पालक, गिलकं, जे बाजारात असेल ते शिजवून घोटून. वरणाचं नुसतं पाणी न देता डाळ घोटून. काळ्या मनुका रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून. पिकली पपई. आणि केळंच द्यायचं तर सालीवर काळे ठिपके आलेलं, बोटाने दाबलं तर दबेल असं. जेवणासोबत फुलपात्रातून उकळून गार केलेलं पाणी, घोट-घोट. एकूण खाणं दिवसातून दोन-तीन वेळा पाव ते अर्धी वाटी, जबरदस्ती नाही.

आईचा एक उपाय डॉक्टरांनी एका शब्दात मान्य केला. आई जमिनीवर पाय पसरून बसते, पोरीला आपल्या दोन पायांवर उकिडवी बसवते, गुडघे तिच्या पोटाजवळ, आणि पाठीवरून हात फिरवत "शी शी" करत राहते. बाळाने ताठ उभं राहून कुंथण्यापेक्षा असं बसून करणं कितीतरी सोपं. रोज जेवणानंतर दहा मिनिटं आई हे न कंटाळता करायची. कोमट तेलाने पोटावरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मालिशही तिचीच. ज्या हातांनी केळीचं पीठ केलं, त्याच हातांनी पोरीची भीती घालवली, हे मला सांगायलाच हवं. पीठ बंद करायला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस गप्प होती, मग डबा स्वतःच उचलून माळ्यावर ठेवला.

फरक पडायला तीन आठवडे लागले. औषध दिवाळीपर्यंत चाललं. बायकोची शाळा या सगळ्या काळात चालूच होती, एक दिवसही जास्तीची रजा तिने घेतली नाही. दिवाळीत अक्का माहेरी आली तेव्हा मी ती वही तिच्यासमोर ठेवली आणि पान-पान वाचून दाखवलं. पोरीच्या पोटात काय गेलं, आणि ते तिच्या आईच्या हातून किती वेळा गेलं. त्या दहा दिवसांत वरची एकही वाटी बायकोने भरवलेली नव्हती, भरवणारे आम्ही होतो. अक्का म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं होतं." म्हटलं होतं, पंगतीत म्हटलं होतं, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. म्हणून आता बोलतोय.

तर ताई, तुमच्या यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. वही तुम्ही नका लिहू, त्यांना लिहू द्या. ज्याने लिहिलं त्याला दिसतं.

घुटीचं राहिलं. सहाणेवर चार वेढे उगाळून आमच्याही घरात दिली जाते, मी तिच्या विरोधात नाही. पण बद्धकोष्ठावर उपाय म्हणून हिरडा वाढवत नेणं मला पटत नाही, कोणाचा वेढा केवढा याला माप नाही. सहाण आणि पाणी स्वच्छ हवं. आणि घुटी मधातून चाटवत असाल तर आजच थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. त्यातून क्वचित बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होतो आणि त्याचं पहिलं लक्षण बऱ्याचदा बद्धकोष्ठच असतं. पानाचा देठ, साबणाची कांडी हेही सोडा, तिथे आधीच चीर असेल तर बाळ आणखी धास्तावतं.

आशाताई सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं पातळ औषध देतात. त्याने शी काळपट होते, त्याला घाबरू नका आणि कोणाला न विचारता बंदही करू नका.

हे आधी सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. माझं सगळं अशा बाळाबद्दल आहे जे एरवी खेळतं, पितं, वजन धरतं. पोट फुगून टणक झालं असेल, हिरवी उलटी होत असेल, बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं आणि मग मलूल पडतं असं होत असेल, लाल जेलीसारखी शी झाली असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या. वजन वाढत नसेल तर तेही लवकर दाखवा. जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायला दोन दिवसांहून जास्त लागले असतील, किंवा जन्मापासूनच त्रास असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

आणि बाळाला गाईचं किंवा म्हशीचं दूध दिवसाला किती जातं हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. तुम्ही कामावर असताना बाटलीतून जात असेल तर किती वेळा, हे घरी विचारा आणि इथे खाली लिहा.